नऊ नंबरचा सेल

गांधीनगरच्या सिग्नलला माझ्या इलेक्ट्रिक स्कूटरच्या डॅशबोर्डवर बॅटरीचे २७ टक्के होते. सिग्नल सुटला, मी एलबीएस मार्गावरून मेट्रोच्या खांबांच्या कडेकडेने भांडुपला आले, टेंभीपाड्याकडचा चढ लागला आणि आकडा एकदम ६ वर आला. मधले वीस, पंधरा, दहा काहीच दिसले नाहीत. कासवाचं चित्र लागलं, गाडीचा दम गेला आणि निम्म्या चढावर ती उभी राहिली. पायाशी आईने सायनहून दिलेली पाच किलो ज्वारीच्या पिठाची पिशवी होती, वरून पाऊस. भाजीवाल्याच्या मुलाने मागून धक्का दिला म्हणून घरापर्यंत पोचले.

त्या रात्री मी गाडी मुद्दाम चार्जरला लावली नाही. सकाळी चावी फिरवली तर डॅशबोर्ड १३ टक्के दाखवत होता. रात्रभर नुसती उभी राहून गाडीत सात टक्के वीज कुठून आली? सर्व्हिस सेंटरवाल्यांना ही गोष्ट सांगितली तर कोणी लक्ष दिलं नाही. मला मात्र ती फार ओळखीची वाटली. थकलेला सेल भार काढला की थोडा सावरतो आणि पुन्हा भार दिला की बसतो, हे मी अर्धं आयुष्य पाहत आले आहे.

मी एमटीएनएलमध्ये होते. ३१ जानेवारी २०२० ला बाकीच्या हजारोंबरोबर स्वेच्छानिवृत्ती घेतली. नोकरीची बरीचशी वर्षं एक्स्चेंजच्या पॉवर प्लँटवर गेली. टेलिफोन एक्स्चेंज ४८ व्होल्टवर चालतं. दोन-दोन व्होल्टचे चोवीस सेल एकाला एक जोडलेले, म्हणून ४८. शहरातली वीज गेली तरी फोन चालू राहायचा तो या बॅटरी बँकेच्या, म्हणजे सेलच्या रांगेच्या, जोरावर. बॅटरी रूममध्ये शिरण्याआधी बांगड्या आणि मंगळसूत्र काढून ड्रॉवरमध्ये ठेवायचं, रबरी एप्रन घालायचा, एक्झॉस्ट पंखा चालू आहे ना ते पाहायचं. मग हायड्रोमीटर बुडवून आम्लाची घनता, मीटरने व्होल्टेज, आणि दोन्ही आकडे रजिस्टरमध्ये. एक सेल ‘पायलट’ म्हणून ठरलेला असायचा, त्याचं माप रोज. महिन्यातून एकदा सगळ्या चोवीस सेलचं. बँकेवर एकूण व्होल्टेज अगदी ठणठणीत दिसायचं आणि आत एखादा सेल मान टाकत असायचा. तो एकूण आकड्यात कधीच सापडत नसे, सापडायचा तो फक्त रजिस्टरमध्ये, सेलवार रकान्यात.

म्हणून स्कूटरसाठीही मी त्याच आठवड्यात शंभर पानी वही घेतली आणि रकाने आखले. तारीख, निघताना टक्के, पोचल्यावर टक्के, किलोमीटर, पाऊस आहे की ऊन, मागे कोणी बसलं होतं का, आकड्याने उडी मारली का आणि कुठे.

गाडीबद्दल थोडं सांगते. २०२२ च्या दिवाळीत घेतली. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण हा घोटाळा कुठल्याही कंपनीच्या गाडीत होऊ शकतो. बॅटरी पक्की बसवलेली, साधारण तीन किलोवॉट-तासांची, म्हणजे महावितरणच्या बिलातल्या भाषेत तीन युनिट. आठवड्यातून तीनदा भांडुपहून सायनला आईकडे, जाऊन-येऊन तिसेक किलोमीटर. दोन फेऱ्या झाल्या की चार्जिंग, तेही ८० टक्क्यांपर्यंतच, कारण लिथियम बॅटरी शंभरपर्यंत भरून ठेवली की लवकर म्हातारी होते असं सगळे सांगतात, आणि ते खरंही आहे. अडीच वर्षं मी हे व्रतासारखं पाळलं. ते व्रतच माझ्यावर उलटलं, ते पुढे येईल.

पहिला संशय फर्मवेअरवर, म्हणजे गाडीच्या आतल्या सॉफ्टवेअरवर गेला, आणि त्याला कारण होतं. चढावरच्या प्रसंगाआधी दहा-बारा दिवस गाडीला मोबाइल नेटवर्कवरून अपडेट आला होता. रात्री साडेअकराला ‘हो’ म्हटलं आणि झोपले. सकाळी पार्किंगमध्ये गेले तर पडद्यावर ४७ टक्क्यांवर थांबलेली पट्टी. चावीला दाद नाही, सीटखालची डिकी उघडेना. दुपारी पडदा आपोआप विझला, पुन्हा पेटला, गाडी सुरू झाली. ‘अपडेट अपूर्ण’ असा एक लाल ठिपका तेवढा राहिला.

माझा भाचा ऐरोलीला सॉफ्टवेअर कंपनीत आहे. तो म्हणाला, “मावशी, तुझ्या गाडीत एक कॉम्प्युटर नाहीये, तीन-चार आहेत. डॅशबोर्डचा वेगळा, मोटर कंट्रोलरचा वेगळा, बॅटरीचा वेगळा. अपडेट एकेकावर चढतो. मध्ये अडकला तर एक नवीन भाषा बोलतोय आणि दुसरा जुनी, असं होऊ शकतं.” मला पटलं. आमच्याकडेही एक्स्चेंजवर नवं सॉफ्टवेअर चढवायचं ते रात्री, वर्दळ कमी असताना, आणि जुनी प्रत हाताशी ठेवून. काही बिघडलं तर जुन्यावर परत. चांगल्या गाडीतही तशीच सोय असते. जुनी प्रत एका कप्प्यात, नवी दुसऱ्यात, नवी पूर्ण उतरून तपासल्याशिवाय जुनीला हात लावायचा नाही. माझी गाडी दुपारी आपोआप जिवंत झाली ती त्यामुळेच असावी.

पण अपडेट अडकला कशामुळे? सर्व्हिस सेंटरने दोन काउंटरवर दोन उत्तरं दिली. एक म्हणाला, पार्किंगमध्ये नेटवर्क कमी. दुसरा म्हणाला, पाणी गेलं असेल. २०२५ मध्ये पाऊस २६ मेलाच मुंबईत आला, नेहमीच्या ११ जूनच्या सोळा दिवस आधी, त्यामुळे तेव्हा जो तो पाण्यालाच दोष देत होता. मी घरी येऊन मल्टिमीटर काढला.

इलेक्ट्रिक स्कूटरमध्ये मोठ्या बॅटरीखेरीज अनेकदा एक छोटी १२ व्होल्टचीही असते, माझ्या गाडीत आहे. हेडलाइट, हॉर्न, डॅशबोर्ड, कुलूप, आतलं सिमकार्ड सगळं तिच्यावर. गाडी चालू असली की मोठी बॅटरी छोटीला भरत राहते. गाडी बंद असली की छोटी एकटी, आणि सिमकार्ड काही झोपत नाही, ते चोवीस तास थोडं थोडं खात असतं. माझी गाडी त्या पावसात सलग सहा दिवस उभी होती. भरलेली १२ व्होल्टची लेड बॅटरी शांत असताना १२.६ ते १२.७ दाखवते, ११.८ म्हणजे जवळपास रिकामी. माझी ११.४ दाखवत होती, आणि तिच्यावर रात्री साडेअकराला मी अपडेटचं ओझं टाकलं होतं. अडीच वर्षांची बॅटरी, तिचा काय दोष. मुलुंडच्या दुकानातून त्याच मापाची नवी आणली, बसवली, अर्धा तास गाडी चालवून आणली आणि मग दिवसाढवळ्या अपडेट पुन्हा सुरू केला. बावीस मिनिटांत पूर्ण झाला. लाल ठिपका गेला.

त्या दिवशी मला वाटलं, संपलं. चार दिवसांनी त्याच चढावर २९ वरून ८.

वहीत तोवर दोन पानं भरली होती आणि त्यांत एक गोष्ट स्वच्छ दिसत होती. ८० ते ३५ पर्यंत आकडा अगदी शहाण्यासारखा उतरत होता, किलोमीटरला साधारण एक टक्का. उडी फक्त तिशीच्या खाली, आणि तीही फक्त चढावर किंवा मागे कोणी बसलेलं असताना. सपाटीवर एकदा २४ पर्यंत बिनबोभाट गेली होती. आता फर्मवेअर बिघडलं असतं तर त्याला टेंभीपाड्याचा चढ कसा कळला असता? चढ कळतो तो बॅटरीला. चढावर मोटर जास्त करंट ओढते, करंट वाढला की व्होल्टेज बसतं, आणि आधीच तळाला असलेला सेल असेल तर तो सगळ्यांत आधी बसतो.

इथे टक्क्यांविषयी बोलायला हवं, कारण माझा सगळा वेळ त्यांनी खाल्ला. पाण्याच्या टाकीत पट्टी बुडवून पातळी पाहावी तसे हे टक्के मोजलेले नसतात. बॅटरीवर लक्ष ठेवणारं बीएमएस नावाचं सर्किट आत किती करंट गेला आणि बाहेर किती आला याचा हिशेब ठेवतं, पासबुकासारखा. हिशेबात रोज थोडी चूक साठते. मग बॅटरी पूर्ण भरली किंवा अगदी रिकामी होत आली की व्होल्टेज पाहून ते पासबुक दुरुस्त करतं. जी गाडी कधी शंभरला जात नाही आणि वीसच्या खाली येत नाही, तिचं पासबुक कोणी तपासतच नाही. माझी गाडी तशीच होती.

सेलवार आकडे पाहायचे तर सर्व्हिस सेंटरचं उपकरण लागतं. तिसऱ्या फेरीला काउंटरवर न थांबता मी सरळ मागे वर्कशॉपमध्ये गेले. तिथे पंचविशीतला एक मुलगा होता. त्याला वही दाखवली. त्याने दोन्ही पानं उभ्याउभ्याच वाचली, टॅब गाडीला जोडला आणि म्हणाला, “काकू, बसा. हे बघायला वेळ लागेल.” त्याने स्टूल पुसून दिलं.

पडद्यावर चौदा ओळी आल्या. माझ्या बॅटरीत चौदा गट एकाला एक जोडलेले, प्रत्येक गटात बारा नळकांडी सेल, म्हणजे एकूण १६८. भरलेला गट ४.२ व्होल्ट, चौदा गुणिले ४.२ म्हणजे ५८.८. आमच्या एक्स्चेंजच्या बँकेच्या किती जवळचा आकडा! गाडी तेव्हा ३० टक्के दाखवत होती. पहिल्या ओळीत ३.६०. दुसऱ्या ओळीत ३.६१. मग ३.६०, ३.६०, ३.५९, ३.६१, ३.६०, ३.६०. नववी ओळ ३.४०. पुढे पुन्हा ३.६०.

मी त्याला बोट लावून नऊ नंबर दाखवला. तो म्हणाला, “हो काकू. हाच.”

३.४० व्होल्ट म्हणजे त्या गटात साधारण दहा टक्केच वीज उरली होती. बाकीचे तेरा तीसवर आणि हा दहावर. चढावर करंट वाढला की हा एकटा तळ गाठणार, आणि एकाला एक जोडलेल्या रांगेत एक संपला की सगळी रांग संपली.

आता प्रश्न असा होता की नऊ नंबर आजारी आहे की नुसता मागे पडला आहे. हे दोन अगदी वेगळे रोग आहेत आणि उपचारही वेगळे. यासाठी गाडी एकदा पूर्ण भरून पाहावी लागते. गटाची ताकदच कमी झाली असेल तर भरताना तो बाकीच्यांबरोबर, कदाचित आधीच, वर पोचतो आणि उतरताना मात्र सगळ्यांच्या आधी तळाला जातो. नुसता मागे पडला असेल तर वरही तितकाच मागे आणि खालीही तितकाच. दुसऱ्या दिवशी गाडी घरून शंभर करून नेली. तेरा गट ४.१८ ते ४.१९. नऊ नंबर ३.९८, म्हणजे ऐंशी टक्के. वरही वीस मागे, खालीही वीस मागे. ताकद शाबूत होती. मला इतका आनंद झाला की त्या मुलासाठी येताना बटाटेवडे घेऊन यायला हवे होते असं वाटलं. पुढच्या वेळी नेले.

मागे का पडला, तर ८० टक्क्यांच्या व्रतामुळे. प्रत्येक सेल उभ्याउभ्याही थोडा थोडा झिरपतो आणि सगळे सारखे झिरपत नाहीत. आमच्या लेड बॅटऱ्यांना यावर सोपा उपाय होता, इक्वलायझिंग चार्ज. सगळ्या बँकेला थोडं जास्त व्होल्टेज द्यायचं, भरलेले सेल नुसते बुडबुडे काढत बसतात, मागे राहिलेले वर येतात, शेवटी डिस्टिल्ड वॉटर घालायचं. लिथियमला हे चालत नाही. भरलेल्या लिथियम सेलमध्ये आणखी कोंबलं तर तो पेट घेऊ शकतो. म्हणून बीएमएस उलट करतं. जे गट पुढे गेले त्यांची वीज एका छोट्या रेझिस्टरमधून जाळून त्यांना थांबवून धरतं, मागचा वर येईपर्यंत. याला बॅलन्सिंग म्हणतात, आणि बहुतेक बीएमएस ते बॅटरी भरत आली की वरच्या टोकालाच करतात. मी अडीच वर्षं वरच्या टोकाला गेलेच नव्हते.

मग अपडेटचा काय संबंध? अपडेटबरोबर आलेल्या दोन ओळींच्या माहितीत ‘कमी चार्जवर बॅटरी संरक्षण सुधारले आहे’ असं वाक्य होतं. मी ते तेव्हा वाचून सोडून दिलं होतं. वर्कशॉपमधल्या मुलाने उलगडून सांगितलं. पूर्वी या गाडीत खालच्या टोकाला एकूण व्होल्टेज पाहून निर्णय व्हायचा, आता सगळ्यांत अशक्त गट पाहून होतो. म्हणजे नऊ नंबर आधीपासूनच मागे होता. अपडेटने तो फक्त पाहायला सुरुवात केली. महिनाभर मी ज्याला दूषणं देत होते त्यानेच मला वाचवलं होतं. कारण लिथियमचा सेल खूप खाली ओढला की आतल्या तांब्याचा पत्रा विरघळू लागतो, पुढच्या चार्जिंगला ते तांबं भलतीकडे साचतं, आणि मग आतल्या आत शॉर्ट व्हायची भीती. ते सॉफ्टवेअर लिहिणारे जे कोणी असतील त्यांचे मला मनापासून आभार मानायचे आहेत. त्यांनी ते वाक्य थोडं मोठं लिहिलं असतं, ‘तुमची गाडी कमी टक्क्यांवर अचानक मंदावली तर सेल तपासून घ्या’ एवढं जरी लिहिलं असतं, तर कितीतरी लोकांचे कितीतरी दिवस वाचले असते.

उपचार हिशेबाने ठरवला. बॅटरी सुमारे ६० अँपिअर-तासांची, तिचे वीस टक्के म्हणजे १२. बॅलन्सिंगचा करंट फक्त १०० मिलीअँपिअर, म्हणजे ०.१ अँपिअर. बारा भागिले शून्य पूर्णांक एक, १२० तास. गाडी भरल्यानंतर रात्री आठ तास चार्जरला राहिली तर पंधरा रात्री. सर्व्हिस सेंटरने एका रात्रीत ‘बॅलन्स करून दिलं’ असं जॉब कार्डवर लिहून दिलं तर ते खरं मानू नका, हिशेबातच बसत नाही.

पंधरा रात्री चार्जिंग म्हटल्यावर सोसायटीचा प्रश्न आला. सेक्रेटरींनी रात्रीच्या चार्जिंगला बंदी घातली होती. २०२२ च्या उन्हाळ्यात देशात ठिकठिकाणी इलेक्ट्रिक स्कूटर पेटल्या, ती दृश्यं सगळ्यांनी मोबाइलवर पाहिली होती. आमच्या वर पाच मजले माणसं झोपतात, त्यांची भीती चुकीची नाही. त्या आगींनंतर बॅटरीच्या सुरक्षेचा एआयएस-१५६ हा नियम कडक झाला, पहिला टप्पा १ डिसेंबर २०२२ पासून, दुसरा ३१ मार्च २०२३ पासून. माझी गाडी त्याआधीच्या दिवाळीतली. मी कमिटीला हे लपवलं नाही, उलट आधी तेच सांगितलं. मग अटी ठरल्या. गाडी जिन्याजवळ आणि मीटर रूमजवळ उभी करायची नाही, कंपाउंडच्या जाळीकडे मोकळ्यावर. स्वतंत्र एमसीबी, सोळा अँपिअरचं सॉकेट, एक्स्टेन्शन बोर्ड अजिबात नाही. बागेच्या नळाला पाइप जोडून ठेवायचा, कारण लिथियमची आग लागलीच तर भरपूर पाणी मारून थंडच करावं लागतं. फिरून आल्यावर अर्धा-पाऊण तास गाडी गार होऊ द्यायची आणि मगच प्लग. आणि दर दोन तासांनी मी खाली यायचं.

तशी मी आले. पहिल्या सहा रात्री दोन वाजताचा गजर लावून. वॉचमन मामा खुर्ची सरकवून द्यायचे. चार्जरच्या पाठीला हाताची मागची बाजू लावायची, प्लगच्या पिनांभोवती लावायची, सीटखालच्या खोक्याला लावायची. हाताची मागची बाजू आम्हाला बॅटरी रूममध्ये शिकवलेली, तिला तळव्यापेक्षा उष्णता लवकर कळते. चार्जर कोमट, प्लग गार, खोकं गार. चौथ्या रात्री प्लग थोडा गरम लागला. बंद करून पाहिलं तर सॉकेटचा एक स्क्रू सैल होता, त्याभोवतीचं प्लास्टिक पिवळं पडलं होतं. तो स्क्रू आवळला नसता तर काय झालं असतं याचा विचार मी अजूनही करते. बॅटरीच्या आगीबद्दल सगळे बोलतात, सॉकेटच्या स्क्रूबद्दल कोणी बोलत नाही. तुमच्या पार्किंगमधला एकदा उघडून बघून घ्या, मेन स्विच बंद करून.

आणि बॅटरी मात्र उघडू नका. पाच ठिकाणी लोक सांगतात, आम्ही खोलून सेल बदलून देतो, निम्म्या पैशांत. ५८ व्होल्टचा झटका बहुधा जीव घेणार नाही, पण शॉर्ट झाला तर शेकडो अँपिअर वाहतात. आमच्या एक्स्चेंजमध्ये एकाचा पाना दोन टर्मिनलमध्ये पडला होता. आवाज झाला, निळा उजेड झाला आणि पान्याच्या जबड्यात करंगळी जाईल एवढा खड्डा. तो पाना आम्ही भिंतीवर टांगून ठेवला होता. मी कितीही वर्षं बॅटऱ्यांमध्ये काढली असली तरी ते खोकं उघडायला माझा हात गेला नाही.

पंधराव्या रात्रीनंतर वर्कशॉपमध्ये गेले. भरलेल्या अवस्थेत तेरा गट ४.१९, नऊ नंबर ४.१७. दोन दिवसांनी ३० टक्क्यांवर तेरा ३.६०, नऊ नंबर ३.५७. मुलाने टॅबचा फोटो काढून मला पाठवला.

एक परीक्षा अजून बाकी होती आणि मला तिचीच धास्ती होती. नऊ नंबर बाकीच्यांपेक्षा बराच जास्त झिरपत असेल, आत कुठे बारीक शॉर्ट असेल, तर नुसत्या उभ्या गाडीतही तो पुन्हा मागे पडेल. तसं असेल तर बॅलन्सिंगचा खेळ थांबवून बॅटरीच बदलायला हवी, मग खर्च कितीही येवो. यासाठी गाडी काही दिवस न हलवता ठेवायची. गणपतीला आम्ही गुहागरला जातो. २४ ऑगस्टला निघाले, गौरी-गणपतीचं विसर्जन २ सप्टेंबरला झालं, ४ ला परत. अकरा दिवस गाडी जागची हलली नव्हती. जाताना ५५ टक्के ठेवून आणि १२ व्होल्टच्या बॅटरीची वायर काढून गेले होते. आरतीला उभी असतानाही डोक्यात मध्येच नऊ नंबर यायचा. आल्यावर वायर जोडली आणि दुसऱ्याच दिवशी गाडी घेऊन गेले. फरक होता तेवढाच, तीन शतांश व्होल्ट. अकरा दिवसांत तो वाढला नव्हता.

तरीही मी वॉरंटीचा अर्ज दिला आहे. वॉरंटीची तीन वर्षं २०२५ च्या दिवाळीत संपतात. वहीच्या सगळ्या पानांची झेरॉक्स, चौदा ओळींचे चार फोटो, जॉब कार्डं, सगळं जोडून पोच घेतली, शिक्क्यासकट. काउंटरवरचा माणूस म्हणाला, “मॅडम, आता गाडी ठीक आहे ना, मग कशाला?” मी सांगितलं, आज ठीक आहे, पण नऊ नंबर वॉरंटीत असताना मागे पडला होता ही नोंद तुमच्याकडे असू द्या. त्याने शिक्का मारला.

रोजचं चार्जिंग अजून ८० पर्यंतच करते. फक्त महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी शंभर, आणि रविवार सकाळपर्यंत चार्जरला, त्याच अटींवर, त्याच जाळीपाशी. रविवारी मग लगेच गाडी काढते, भरलेली ठेवून देत नाही. सेक्रेटरींनी नोटीस बोर्डवर सॉकेट तपासायची तारीख लावली आहे. पार्किंगमध्ये आता आणखी तीन इलेक्ट्रिक गाड्या आहेत आणि त्यांपैकी एकीच्या मालकिणीने काल माझ्याकडून वहीचे रकाने उतरवून नेले.

परवाची नोंद अशी आहे. १८ सप्टेंबर, सायनहून परत, ऊन, मागे आई बसलेली, पायाशी नारळ आणि पीठ. गांधीनगर सिग्नल २८. टेंभीपाड्याचा चढ सुरू होताना २६. घरी २५.